वेबसाइटवरचा नंबर

"फोटो बदल, रंग बदल, तुला हवं ते कर. नंबरला हात लावायचा तर आधी दुकानात सांगायचं." वेबसाइट तिच्यावर सोपवताना सासऱ्यांनी एवढंच बजावलं होतं. तिने मान डोलावली होती. मनात म्हणाली होती, नंबर बदलल्याने असं काय आभाळ कोसळणार आहे.

दुकान घरच्या आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू भाड्याने देण्याचं. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, ऑक्सिजनची मशीनं. काउंटरवरचं माणूस बदलतं म्हणून प्रत्येक मशीनवर एकच स्टिकर: अडचण आल्यास आमच्या वेबसाइटवरचा नंबर लावा. तिथे आता धाकट्या जावेचा नंबर होता. त्याआधी चार वर्षं, बाळ होईपर्यंत, तो हिचा स्वतःचा होता.

बाळ खांद्यावर आणि लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, अशी ती उभ्यानेच एका आजोबांचा कागद टाईप करत होती. ग्राहकांचे अभिप्राय टाकायचं कामही तिचंच. हा कागद तीन आठवडे पडून होता.

'बायको आपल्या मशीनवर आहे. मला कमी ऐकू येते. दुकानातल्या ताई न कंटाळता प्रत्येक वाक्य दोनदा सांगतात. त्यांच्या बोलण्याने धीर येतो.'

दुकानातल्या ताई. हेच आजोबा मशीन न्यायला आले तेव्हा नळी कशी लावायची, जाळी कधी धुवायची, हे तिने सांगितलं होतं. दोनदा कसलं, पाचदा. सातवा महिना होता तिला, पाय सुजलेले. कागदावर त्याचा मागमूस नव्हता.

तिने 'दुकानातल्या ताई' खोडून 'आमचे कर्मचारी' केलं. मग पहिल्या पानावरच्या फोटोकडे वळली. मशीनशेजारी धाकटी हसत उभी होती. कडा कापत कापत तिने फोटो एवढ्यावर आणला की मशीन पूर्ण राहिलं आणि धाकटीचं कोपर.

तासाभरात फोन आला.

"वहिनी, माझं कोपर झकास आलंय."

"मशीन झाकलं जात होतं गं."

"मग बरं केलंत. बाकीची मी तशीही जरा जाडच दिसत होते." धाकटी खळखळून हसली. तिला रागही यायचा नाही, हे तर आणखीच झोंबायचं. "बाळ झोपलं की तुम्हीही पडा घटकाभर. मी आहे ना इथे."

मी आहे ना इथे. फोन ठेवून तिने वेबसाइट पुन्हा उघडली, धाकटीचा नंबर काढला आणि स्वतःचा टाकला. दुकानात सांगितलं नाही.

दहा मिनिटांत पहिला फोन आला. कुणाला तरी आईसाठी वॉकर हवा होता. तिने उंची विचारली, न्हाणीघराचा दरवाजा किती रुंद ते विचारलं. "किती नीट समजावलंत हो," पलीकडची बाई म्हणाली. किती तरी महिन्यांनी तिला आपला आवाज ओळखीचा वाटला.

दात येत असलेलं बाळ दोन रात्री झोपलं नव्हतं. आत्ता कुठे त्याचा डोळा लागला. रिंग खणाणली तर बाळ उठेल म्हणून तिने फोनचा आवाज बंद केला. पाचच मिनिटं, म्हणून शेजारी कलंडली.

उठली तेव्हा साडेचार वाजले होते. एकाच अनोळखी नंबरवरून अकरा फोन येऊन गेलेले. शेवटचा चार वाजून दहा मिनिटांनी. तिने लावून पाहिला. रिंग वाजत राहिली.

तिने दुकानात फोन केला. "वेबसाइटवर माझा नंबर आहे."

धाकटीने विचारलं, "कधीपासून?"

"दुपारी जेवणानंतर."

"अकरा वेळा म्हणजे मशीनवालंच कुणीतरी. एकतीस घरं आहेत. यादी पाठवते. तुम्ही वरून लावा, मी खालून."

एवढंच. रागावून चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

तीस घरं सुखरूप निघाली. आजोबांचा यादीतला जुना नंबर बंद होता; म्हणजे ते अकरा फोन त्यांच्याच नव्या नंबरवरून आलेले. दुकानातला मेकॅनिक पत्त्यावर गेला तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, चार दिवसांपूर्वी घर बदललं, इथेच जवळपास कुठेतरी, तळमजल्यावर. नक्की कुठे ते तिला ठाऊक नव्हतं.

"मला म्हणाले होते, सामान लागलं की पत्ता कळवतो," धाकटीचा आवाज चिरकला. "त्यांना रिंग ऐकू येत नाही, वहिनी. ते स्वतः लावतात तेव्हाच बोलता येतं."

दीर तो नंबर घेऊन पोलीस चौकीकडे निघाला. मेकॅनिक दुसरं मशीन स्कूटरवर बांधून आसपासच्या गल्ल्यांतून फिरू लागला. घरात बाळ जागं होऊन रडत होतं. त्याला कडेवर घेऊन तिने एका हाताने वेबसाइटचं पहिलं पान रिकामं केलं. कोपर गेलं, कर्मचारी गेले. मग आसपासच्या सगळ्या ग्रुपवर लिंक पाठवता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'तुमच्या शेजारी तळमजल्यावर या आठवड्यात म्हातारं जोडपं राहायला आलं आहे का? आजोबांना कमी ऐकू येतं. आजींना ऑक्सिजनचं मशीन लागतं. ते पांढरं आहे, बाजूला आमचं स्टिकर आहे. बेल वाजवून थांबू नका, दार जोरात ठोका, खिडकीतून हात हलवा. आत जाऊन आजींना बघा. मशीन बंद असेल तर आधी अँब्युलन्स बोलवा, मग दुकानातल्या ताईंना या नंबरवर सांगा.'

खाली तिने धाकटीचा नंबर टाईप केला. तो कुठे बघावा लागला नाही. तिला पाठ होता.