आतली कडी

सुताराची वयात आलेली लेक हल्ली सारखी खोलीला आतून कडी लावून बसायची. घरातच राहणारा त्याचा धाकटा भाऊ रोज कानीकपाळी ओरडायचा, "दादा, ती कडी काढून टाक. या वयातली पोरं जिवाचं काहीबाही करून घेतात." शेवटी सुताराने हत्यारं काढली.

"बाबा, कडी राहू द्या ना. हवं तर माझा मोबाइल काढून घ्या," लेक गयावया करू लागली.

पोरगी मोबाइलसुद्धा द्यायला तयार, म्हणजे नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय! त्याने एकेक स्क्रू काढला.

"बरं केलंस, दादा," भाऊ म्हणाला.



सुताराने स्वतः बसवलेली ती कडी त्याच्या तळहातावर आली, तेव्हा पार वाकलेली होती. बाहेरून कुणी दाराला सारखा खांदा लावला की वाकते, तशी.