रक्त घेताना

“सुई टोचताना मूग गिळून बसू नकोस, काहीतरी बोलत राहा,” लॅबमधल्या सिनियर ताईंनी पहिल्याच दिवशी दटावलं होतं. घुम्या घरात वाढलेल्या तिला सुईपेक्षा तेच अवघड गेलं. पण ऊन, बसची गर्दी, गुडघेदुखी असं काहीबाही विचारता विचारता तिची भीड चेपली. आज समोरच्या खुर्चीत बाबा येऊन बसले. तिनं परस्पर लग्न केल्यापासून दोघांत अबोला होता. तिला ओळखून त्यांनी बाही वर सारली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. “उपाशीपोटी आहात ना?” तिनं रोजचंच विचारलं. “हो.” सुई शिरेत गेली. मग धीर करून ती म्हणाली, “घरी गेल्यावर आईला गरम चहा टाकायला सांगा.” “तुझी आई पावसाळ्यात गेली,” ते म्हणाले. “कळवायचं राहून गेलं.” तिनं सुई काढून कापूस दाबला. रक्त थांबलं, तरी बोट उचलवेना.