सात नंबरची कुंडी

डोळ्यांपुढे आणा, मुलांनो: स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक आत्या बसली आहे आणि स्वतःचाच छापून आलेला शोधनिबंध मागे घेण्याचं पत्र लिहिते आहे. समोर तिची नऊ वर्षांची भाची, आज सकाळीच मामाकडून परतलेली. तिच्या दुधावर साय धरली आहे.

निबंध गोगलगायींवरचा होता. वीस गोगलगायी, शंखांवर लाल नेलपॉलिशने आकडे, प्रत्येकीची कुंडी ठरलेली. संध्याकाळी आत्या त्यांना अंगणापलीकडच्या भिंतीवर सोडायची. त्या भिंतीवर सकाळी सहालाच ऊन यायचं. सातला चहा झाला की आत्या वही घेऊन मोजायला जायची. महिनाभर जवळजवळ सगळ्या आपापल्या कुंडीत सापडल्या. गोगलगायीला घर आठवतं, असं तिनं लिहिलं आणि तिचं नाव झालं.

मग इतरांनी करून पाहिलं. कुणाचीच परतेना. कॉलेजातला एक सहकारी हसत म्हणाला, "गोगलगाय नि पोटात पाय, मॅडम. आकडे घरी बसून भरलेत का?"

ते तिला लागलं. भाची आठवडाभर मामाकडे गेली, घर शांत झालं, तेव्हा तिनं प्रयोग पुन्हा केला. एकही परतली नाही. आजही नाही.

भाचीनं विचारलं, मागे घेतलेला निबंध पुसून टाकतात का? आत्या म्हणाली, नाही, तो तिथंच राहतो. वर शिक्का बसतो आणि खाली कारण छापतात.

"कारण काय लिहिलंस?"

"माझी चूक. मला हवं तेच मला दिसलं असणार." आत्यानं मोजणीची वही रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवली. "अशा माणसानं मोजू नये गं."

"म्हणजे आता कधीच मोजणार नाहीस?"

आत्यानं मान हलवली आणि पत्राखाली सही करायला पेन उचललं.

भाची उठली. गठ्ठ्यावरची वही तिनं काखेत घेतली, आत्याचा हात धरला आणि तिला अंगणात नेलं. भिंत तापायला लागली होती. सात नंबर तिथंच शंखात आक्रसून चिकटली होती. भाचीनं ती अलगद सोडवली, दोन्ही तळव्यांत धरून अंगण ओलांडलं आणि, आत्या उठायच्या आधी रोज ठेवायची तशी, सात नंबरच्या कुंडीत ठेवली.