गाळलेली ओळ

"अगं, नुसतं पॉलिश तर करायचंय," मनोहर कर्णिक हसत म्हणाले आणि चकल्यांचा डबा त्यांनी सुरुचीच्या कीबोर्डशेजारी सरकवला. "ते एक वाक्य तेवढं उडव."

हे मराठीत. सेक्टर फाइव्हमधल्या त्या बंगाली ऑफिसात मराठी दोघांनाच यायचं, मॅनेजर कर्णिकांना आणि त्यांच्या टेक्निकल रायटरला, म्हणजे सुरुचीला. सुरुवातीला तिलाही गंमत वाटली होती. कॅन्टीनच्या माशाच्या कालवणाला सगळ्यांदेखत नावं ठेवायची आणि कुणाला पत्ता नाही. मग कर्णिकांनी हळूहळू कामाचं बोलणंही मराठीत आणलं. कुणाची बढती अडवायची, कुणाला क्लायंटसमोर न्यायचं नाही. जे चारचौघांत बोलायला लाज वाटावी ते सगळं मराठीत, आणि चेहरा असा की जणू घरच्या गणपतीची चौकशी चालली आहे.

वाक्य तिच्या स्क्रीनवर होतं. कंपनीचं उत्पादन म्हणजे एक पार्सर जनरेटर. मजकूर कसा वाचायचा याचे नियम त्याला दिले, की तसं वाचणारा प्रोग्राम तो तयार करून देतो. त्याच्या रेफरन्स मॅन्युअलवर सुरुची शेवटचा हात फिरवत होती. उद्या ते एका पॅथॉलॉजी लॅबकडे जायचं होतं. लॅबच्या मशीनमधून निघणारे रिपोर्ट हेच टूल वाचणार होतं. पण समोरच्या टेबलावरच्या सुमितला चाचणीत एक भलतीच गोष्ट दिसली होती. एखादी ओळ बिघडलेली आली, तर टूल तिच्यापुढची चांगली ओळही गिळून टाकायचं आणि खाली 'यशस्वी' म्हणून मोकळं व्हायचं. सुमितच्या नमुन्यात एका पेशंटचं पोटॅशियमच गायब झालं होतं. दुरुस्तीला वेळ लागणार होता. तोवर निदान लिहून तरी ठेव, असं तो म्हणाला आणि सुरुचीने ते सरळ शब्दांत लिहिलं. कर्णिकांना नको होतं ते हेच वाक्य.

"सर, रक्ताचे रिपोर्ट आहेत," ती म्हणाली.

"मॅन्युअल वाचतं कोण गं? झाकली मूठ सव्वा लाखाची." कर्णिकांनी स्वतःच एक चकली मोडली. "आणि तुझ्या पुण्याच्या बदलीवर सही मलाच करायचीय ना? अमेयने किती दिवस एकट्याने काढायचे? आपल्या माणसाचं आपण नाही बघायचं, तर कुणी बघायचं?"

अमेय, तिचा नवरा, पुण्यात होता. बदलीसाठी ती दिवाळीपासून डोळे लावून बसली होती, आणि हे कर्णिकांना पक्कं ठाऊक होतं.

सुमितने मान वर केली. "घर की बात चल रही है, मनोहरदा?"

"हाँ हाँ, घर की ही बात." कर्णिकांनी डबा त्याच्यापुढे धरला.

"भाभीजी को थैंक यू बोलिएगा," सुमित म्हणाला आणि मन लावून चकली खाऊ लागला.

सुरुचीला शिसारी आली. त्या तेलकट वासाची, त्या लाडिक 'अगं'ची, सुमितपुढे डबा धरणाऱ्या त्या हाताची. सकाळी आईने फोनवर 'जेवण वेळेवर करतेस ना?' असं विचारलं होतं ते याच भाषेत. ती भाषा या माणसाने मोरीवरच्या फडक्यासारखी वापरायला काढली होती. पण सगळ्यात जास्त किळस आली ती स्वतःच्या बोटांची. कारण बोलणं चालू असतानाच त्या बोटांनी ते वाक्य निवडून ठेवलं होतं. स्क्रीनवर ते निळं झालेलं होतं. आता एक कळ दाबली की पुणं.

"झालं?" कर्णिकांनी विचारलं.

तिने बोटं उचलली. चकल्यांच्या डब्याचं झाकण लावलं, डबा त्यांच्या बाजूला सारला आणि ती उभी राहिली.

"सुमित," ती हिंदीत म्हणाली, पलीकडच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "सर बोल रहे हैं, तुम्हारी वाली लाइन मैन्युअल से निकाल दो, लैब को पता नहीं चलना चाहिए. निकाल दूँगी, तो मेरा पुणे का ट्रान्सफर हो जाएगा."

आजूबाजूचं टायपिंग थांबलं. सुमितच्या हातात अर्धी चकली तशीच राहिली. कोपऱ्यातली एक मुलगी खुर्ची वळवून बघायला लागली. कर्णिकांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं तिथेच होतं, त्याला उतरायला वेळच मिळाला नव्हता. ते टेबलावरून तिच्याकडे वाकले.

"अगं, असं काय करतेस," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मराठीत बोल."