सिर्काचा मॉनिटर

“सिर्काकडे आहे तसाच पाहिजे,” कालेर्वोने सांगितलं. “कमी नको, जास्त नको.”

दुकानातल्या सेल्माने विचारलं, “किती हर्ट्झचा आहे तो?”

“दोनशे चाळीस. सेकंदाला दोनशे चाळीस वेळा चित्र बदलतं. माझा जुना, साठचा. सिर्का, माझी बायको, गेली. आता संघात तिच्या जागी मी खेळणार आहे.”

“ते अजून ठरायचंय,” मागून रायली म्हणाली.

रायली ही फिनलंडमधल्या कुओपिओ गावच्या पेन्शनरांच्या गेमिंग संघाची कॅप्टन. तिने जन्मभर बस चालवली होती आणि संघही ती बससारखाच चालवायची. पाच जणांत सिर्का सगळ्यांच्या पुढे असायची. खेळात शत्रूच्या खोलीत पहिलं पाऊल तिचं. ती जागा रिकामी होती, शनिवारी सामना होता आणि संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं होतं.

“ठरायचं काय राहिलंय त्यात?” कालेर्वो म्हणाला. “आम्ही दोघं घरी एकमेकांविरुद्ध खेळायचो. सुरुवातीला ती मला उभं राहू द्यायची नाही. मग माझा हात बसला. पुढे पुढे तीन डावांतला एक मी घ्यायचो. तिच्याकडे दोनशे चाळीस आणि माझ्याकडे साठ असताना. तेवढा मॉनिटर मला मिळू दे, मग बघ.”

“तोंडाने खेळायचं असतं तर तुला कधीच घेतलं असतं.”

“तुमच्या मिसेसचा घरी असेल ना?” सेल्माने विचारलं. “तोच का नाही वापरत?”

“तो तिचा आहे,” कालेर्वो म्हणाला.

सेल्माने तीन मॉनिटर एका रांगेत सुरू केले, त्यांच्यावरची लेबलं पुठ्ठ्याने झाकली. तिन्हींवर एकच सैनिक एकाच भिंतीच्या कडेने पळत होता.

“बघा, तुमच्या नजरेला कुठला ओळखीचा वाटतो.”

कालेर्वोला फार वेळ लागला नाही. “हा तिसरा नको. तेल सांडल्यासारखा निसटतो. हा पहिला. हुबेहूब सिर्काचा.”

सेल्माने पुठ्ठा उचलला. “हा साठचा आहे. दोनशे चाळीसचा तो तिसरा.”

“पोरी, तिचा खोका मी स्वतः जिना चढवून वर नेलाय. त्यावर दोनशे चाळीस लिहिलेलं होतं.”

“खोक्यावर असणारच. पण नवीन लावला की बरेचदा तो साठवरच चालतो. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण वाढवावा लागतो. पुष्कळ लोकांना माहीत नसतं, वर्षानुवर्षं तसेच खेळतात.”

“बघ,” कालेर्वो रायलीकडे वळला. “विसरली असणार ती.”

“सिर्का?” रायली म्हणाली. “अरे, आम्हा चौघांचे मॉनिटर तिनेच लावून दिलेत. घरात आली की अंगातला कोट काढायच्या आधी तो आकडा बघायची.”

कालेर्वो पुन्हा मॉनिटरांकडे वळला. या वेळी तो तिसऱ्याकडे बघत राहिला. सैनिक भिंतीच्या कडेने पळत होता आणि पळता पळता त्याच्या पाठीवरचा नंबर वाचता येत होता.

“पहिल्या आठवड्यात तिचा मॉनिटर असाच दिसायचा,” तो हळूच म्हणाला. “तेलासारखा. मी तिला म्हटलं, तू नाही जिंकत, तुझा मॉनिटर जिंकतो. आणि उठलो. ख्रिसमस होईपर्यंत बसलोच नाही. ती डाव मांडायची आणि मी आंघोळीचा सौना तापवायला निघून जायचो. परत बसलो, तर तिच्या आणि माझ्या मॉनिटरमध्ये काही फरकच वाटेना. मला वाटलं, माझा डोळा सरावला.”

सेल्माने हातातला पुठ्ठा खाली ठेवला.

“आणि त्यानंतरच मी जिंकायला लागलो,” तो म्हणाला.

रायलीने खिशातून खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची पुडी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने घेतली नाही. “आकडा तिने मुद्दाम उतरवला असेल, पण जिंकलास ते तर खरं ना,” ती म्हणाली. “तुझे साठ, तिचेही साठ. बरोबरीतले डाव होते.”

“ते तरी बरोबरीतले होते कशावरून?”

यावर रायलीने एक गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि पुडी मिटून ठेवून दिली.

“कुठला बांधून देऊ?” सेल्माने विचारलं.

“कुठलाच नको. घरी आहे.” तो खुर्ची ओढून तिसऱ्या मॉनिटरपुढे बसला. “तो आकडा वाढवतात कसा, तेवढं दाखव.”

सेल्माने दाखवलं. त्याने स्वतःच्या हाताने दोनदा करून पाहिलं. साठ, दोनशे चाळीस. साठ, दोनशे चाळीस.

“कालेर्वो,” रायली म्हणाली, “आपल्या संघातल्या एस्कोला विचारू का? तोही पुढे जायला तयार आहे. तू मागे राहा, कुणी काही म्हणणार नाही.”

“थांब जरा.”

त्याने डाव सुरू केला. कॉम्प्युटरने दिलेले चार सोबती एका बंद दारापाशी भिंतीला पाठ लावून उभे होते. पहिला कोणी तरी आत जाईल याची वाट बघत. कालेर्वो त्यांच्यामधून पुढे गेला, दार ढकललं आणि आत शिरला. गोळी त्याला लगेच लागली. ती कुठून आली ते मात्र स्वच्छ दिसलं.

तो पुन्हा दारापाशी आला, पुन्हा शिरला. पुन्हा पडला.

रायलीने फोन काढला आणि नाव लिहायला सुरुवात केली. ती कुणाचं लिहितेय ते बघायला तो वळला नाही. सोबती दाराशी उभे होते.