पिल्लाची हाक

भर दुपारी तापीकाठच्या केळीच्या बागेत, मोटारीच्या पाइपाजवळ मगरीचं वीतभर पिल्लू सापडलं. ते सारखं ओरडत होतं, “क्यांव, क्यांव.”

ऋतिकाचे सासरे कौतिकनाना फावडं घेऊन धावले.

“मारू नका, नाना! ही हाक ऐकून मोठ्या मगरी येतात. आई वाचवायला येते आणि बाकीच्या खायला,” कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली ऋतिका ओरडली.

“ती तुना कॉलेजनी मगर, बेटा!” नाना हसले.

पहिल्या घावात शेपूट तुटलं. हाक आणखी चढली. दुसऱ्या घावात पोट फाटलं, तिसऱ्यात डोक्याचा चेंदामेंदा झाला. नानांच्या पायजम्यावर रक्त उडालं.

“आते व्हई गप.”

पण हाक थांबली नाही. ती मागून येत होती, कडुनिंबाला बांधलेल्या झोळीतून.

ऋतिकानं धावत जाऊन झोळी उघडली. तीन महिन्यांची रेवा टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत होती. तोंडातून तोच आवाज येत होता, “क्यांव, क्यांव.”

नदीचं पाणी फाटलं. एकामागून एक मगरी काठ चढून आल्या. आडव्या आलेल्या नानांचा पाय पहिलीनं गुडघ्यात धरला आणि हाड कडाडलं. नाना जिवाच्या आकांतानं ओरडले, पण बाकीच्यांनी तिकडे पाहिलंही नाही. त्या झोळीकडेच येत होत्या.

ऋतिकानं लेकीचं तोंड दाबलं. मगरी जागच्या जागी थांबल्या.

तळव्याखाली इवलंसं नाकही झाकलं गेलं होतं. रेवाचे पाय झाडता झाडता मंदावले, तसं ऋतिकानं एक बोट सैल केलं.

“क्यांव.”

सगळ्या मगरी एक पाऊल पुढे सरकल्या.

ऋतिकानं ते बोट पुन्हा दाबलं.