शेवटी वॅक्स

"क्रम चुकला की संस्कृती बुडते," साईनाथ केणी म्हणाले. हे त्यांनी वर्तकनगरातल्या एका कॉलनीच्या मागच्या पार्किंगमध्ये, उकिडवं बसून, आपल्या छोट्या चंदेरी गाडीच्या दारावर मऊ क्लेचा गोळा फिरवत सांगितलं. संस्कृतीच्या बाजूने ऐकायला फक्त शेजारचा फिलिप होता, आणि तो आपल्या स्कूटरवर बसून वडा खात होता.

"केणी, वॅक्स मार नि सोड ना. चमकली, बस."

"वॅक्स शेवटी. आधी शाम्पू. मग ही क्ले, पत्र्याला चिकटलेली घाण काढते. मग कंपाउंडची पेस्ट, ती चरा घासून काढते. मग पॉलिश. वॅक्स आधी लावलंस आणि वरून पॉलिश फिरवलंस, तर लावलेलं वॅक्सच पुसून निघतं. अक्कल लागते."

"आणि डायरेक्ट वॅक्स मारला तर?"

"तर चरा झाकला जातो. मला झाकायचा नाहीये, काढायचाय. घरीही मी हेच सांगतो. एकदा हिने मोहरीच्या आधी हिंग टाकला. आमटी ओतायला लावली. केली परत. आता चुकत नाही."

"आमची एमिलिया मलाच ओतेल," फिलिप म्हणाला.

चरा दिसला होता उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी, दाराच्या हँडलपासून थेट मागच्या चाकापर्यंत. केणींनी वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढला होता आणि ते नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी भिंग आणून पाहिलं. चरा वरच्या थरापुरताच होता, पण सरळ होता. हे घाईत केलेलं काम नाही, असा निष्कर्ष त्यांनी कमिटीला लेखी कळवला.

त्या दिवशी दुपारच्या ड्यूटीला रघु वॉचमन होता.

"साहेब, बाहेरचा कोनी आलेलाच नाय," तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. "मी गेटवरनं हललेलोच नाय."

"म्हणजे तूच," केणी म्हणाले.

कमिटीला तर्क बिनतोड वाटला. महिनाअखेरीला रघु गेला. जाताना केणींच्या बायकोने, शालूताईंनी, त्याच्या हातात बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा ठेवला.

"डबा परत नको आणूस. मुलांना दे."

"गाडी ओरबाडणाऱ्याला लाडू?" केणींनी वर आल्यावर विचारलं.

"केलेले होते," शालूताई म्हणाल्या.

त्यानंतर केणी रोज नाश्ता करून बाटल्या, फडकी आणि स्टूल घेऊन खाली जायचे. शालूताईंनी कधी कुरकूर केली नाही. उलट त्या थर्मासमध्ये चहा भरून द्यायच्या, म्हणजे मधेच वर यायला नको. कंपाउंड संपत आलं की आठवण करायच्या. एकदा स्वतः खाली येऊन त्यांनी गाडीच्या टपावरच्या बारीक रेघाही दाखवल्या.

"केणी, लकी आहेस," फिलिप म्हणाला. "बायका गाडीला सवत म्हणतात."

"तिला पटलंय कामाचं महत्त्व."

"बरं, तो रघु दिसला परवा, कळव्याला. मजुरांच्या नाक्यावर उभा होता. कोणी नेलं तर काम, नाही तर घरी."

शालूताई थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी झाकण लावलं, उघडलं, परत लावलं.

"चहात साखर कमी पडलीय बहुतेक," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

गणपती झाले. दार गुळगुळीत झालं, मग आरशासारखं झालं. एका रविवारी केणींनी वॅक्सची डबी उघडली.

"म्हणजे हे शेवटचं?" शालूताईंनी विचारलं.

"शेवटचं."

"त्यावर अजून एक काहीतरी कोटिंग लावतात म्हणे. टीव्हीवर दाखवत होते."

"ते फसवायचे धंदे. वॅक्स झालं की काम संपलं."

"मग उद्यापासून?"

"उद्यापासून घर. तुझा मसाल्याचा डबा बघितला मी. हळद मोहरीच्या शेजारी! मग दोरीवरचे कपडे. मागे सगळं अर्धवट राहिलं या चऱ्यापायी. आता एकेक नीट हातात घेतो. मला काय, वेळच वेळ आहे."

"बरं," शालूताई म्हणाल्या.

संध्याकाळी केणींनी फिलिपला दारासमोर उभं केलं.

"बघ. तुझा चेहरा दिसतो त्यात."

फिलिपने वाकून पाहिलं. "दातात कोथिंबीर अडकलीय. कोणी सांगितलं पण नाही."

सोमवारी सकाळी केणी खुर्ची घेऊन गॅसपाशी बसले. शालूताई बेसन भाजत होत्या.

"आधी तूप, मग बेसन," केणी म्हणाले.

"हो."

"गॅस बारीक. साखर गार झाल्यावर. वेलची शेवटी."

"हो."

"सणवार काही नाही, मग लाडू कशाला?"

"असंच. असू देत घरात."

केणींनी दोन लाडू खाल्ले, आकारात फरक असल्याचं नोंदवलं, जेवले आणि झोपले. त्यांची दुपारची झोप कारखान्याच्या भोंग्यासारखी वक्तशीर होती.

शालूताई कचऱ्याची पिशवी घेऊन खाली उतरल्या. गेटवरचा नवा वॉचमन खुर्चीतून उठला.

"काय काकी, बरं हाय ना?"

"बरं आहे. मुलं किती रे तुला?"

"दोन पोरी."

"गोड खातात ना?"

"लई."

शालूताईंनी मान डोलावली आणि त्या इमारतीच्या मागे गेल्या. कचऱ्याची पिशवी ड्रमात टाकली, पदराला हात पुसले, कमरेची लॅचची किल्ली काढली आणि चंदेरी बोनेटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. सावकाश आणि सरळ. मागच्या वेळी लाडू नंतर वळावे लागले होते. या वेळी त्यांनी आधीच वळून ठेवले होते.